गोळी विरघळते कुठे? पोटॅशियमची एक जुनी गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आजीला आठवडाभर जुलाब झाले. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना, आणि हृदयासाठी लघवीची गोळी रोज चालू. पायातलं त्राण गेलं, रात्री पोटऱ्यात गोळे यायला लागले. रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.०. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. ईसीजी बरा होता म्हणून डॉक्टरांनी घरीच उपचार करायचं ठरवलं आणि पोटॅशियम क्लोराइडचं पातळ औषध लिहून दिलं. आजीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि बेसिनकडे धावली. "हे काय खारट-कडू! समुद्राचं पाणी बरं यापेक्षा."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, याची गोळी मिळत नाही का? ते म्हणाले, "मिळते. पण यांना नको." मग आजीकडे वळून, "आजी, पोटात कळा येतात म्हणून काही गोळी घेता का तुम्ही?" घेत होती. डायसायक्लोमिन, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली. "ती आधी बंद करा," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

मी औषधांच्या इतिहासावर पीएचडी करतेय, त्यामुळे असं अर्धवट उत्तर माझ्या पचनी पडत नाही. पोटाच्या कळांची गोळी आणि पोटॅशियमची गोळी यांचा एकमेकींशी संबंध काय? शोधत गेले तेव्हा १९६४-६५ सालच्या काही पेपर्सपाशी पोहोचले. पेट किंवा नेटची तयारी करताना आपण 'कन्फाउंडिंग'ची व्याख्या घोकतो. ती व्याख्या खऱ्या माणसांच्या आतड्यात कशी दिसते, हे मला या पेपर्समधून कळलं. म्हणून हा लेख. (हा इतिहास आहे, उपचाराचा सल्ला नाही. पोटॅशियम कमी पडलं तर त्रास होतोच, पण जास्त झालं तर हृदय बंद पडू शकतं. स्वतःच्या मनाने घेऊ नका.)

थोडी पार्श्वभूमी, पटकन.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रक्तातलं पोटॅशियम मोजणं हे वेळखाऊ रासायनिक काम होतं. रोजच्या रोज, वॉर्डमधल्या प्रत्येक पेशंटचं मोजणं शक्यच नव्हतं. मोजता येत नाही त्याची काळजीही फारशी केली जात नाही. जुलाबाने सुकलेल्या बाळांना मीठ-पाणी शिरेतून द्यायचे, पण पोटॅशियम देणं धोक्याचं मानलं जाई. अमेरिकेत येल विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ डॅनियल डॅरो यांनी १९४०च्या दशकात दाखवलं की जुलाबात शरीरातून नुसतं सोडियम नाही, पोटॅशियमही भरपूर जातं, आणि ते भरून दिलं तर बाळं जास्त वाचतात. 'डॅरोज सोल्यूशन' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, फ्लेम फोटोमीटरचं वर्णन प्रसिद्ध झालं. नमुना ज्योतीत फवारायचा आणि ज्योतीच्या रंगाच्या तीव्रतेवरून सोडियम-पोटॅशियम मोजायचं. हे यंत्र हॉस्पिटलांत पोहोचलं आणि 'पोटॅशियम कमी आहे' हे वाक्य रोजच्या बोलण्यात आलं.

मग १९५०च्या दशकाच्या शेवटी क्लोरोथायाझाइड आलं आणि मागोमाग १९५९ मध्ये हायड्रोक्लोरोथायाझाइड. लघवी वाढवणारी, रक्तदाब उतरवणारी, तोंडाने घेता येणारी गोळी. याआधीची याच कामाची औषधं म्हणजे पाऱ्याची इंजेक्शनं होती, हे लक्षात घेतलं की डॉक्टर या गोळीवर का तुटून पडले ते समजतं. लाखो लोक ती रोज घेऊ लागले. तिची एक खोड होती: लघवीतून पोटॅशियमही जायचं. म्हणजे लाखो लोकांना आता रोज पोटॅशियम द्यायला हवं होतं, आणि पातळ पोटॅशियम क्लोराइड कुणाला प्यायचं नव्हतं. माझी आजी एकटी नव्हे तर! चव घाण, शिवाय पोटात जळजळ आणि मळमळ.

औषध कंपन्यांनी काढलेला तोडगा सरळ होता. क्लोराइडची गोळी करा आणि तिच्यावर असं आवरण चढवा की ती जठरातल्या आम्लात विरघळणार नाही, पुढे लहान आतड्यात गेल्यावरच विरघळेल. याला एंटरिक-कोटेड गोळी म्हणतात. चव नाही, जळजळ नाही. काही कंपन्यांनी एक पाऊल पुढे जाऊन थायाझाइड आणि पोटॅशियम एकाच गोळीत घातलं. सोय म्हणाल तर अशी की पेशंट पोटॅशियम विसरूच शकत नाही.

ही 'सोय' लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१९६४ मध्ये स्वीडनमधल्या लिंडहोल्मर, न्यूमन आणि रेफ यांनी एक निरीक्षण छापलं. लहान आतड्यात व्रण होऊन ते आतडं एखाद्या अंगठीने आवळल्यासारखं अरुंद झालेले पेशंट त्यांना दिसत होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेकर, श्रेडर आणि हिचकॉक यांचा पेपर 'जामा'त आला. त्यांचेही पेशंट तसेच, आणि ते थायाझाइड व पोटॅशियम घेणारे होते.

इथे जरा थांबूया. हे आधी लक्षात का आलं नाही, आणि मग एकदम लक्षात कसं आलं? दोन्हीचं उत्तर लहान आतड्यात आहे. जठराचा अल्सर त्या काळी सर्रास दिसायचा. हाच त्रास जठरात झाला असता तर चार जास्तीचे अल्सर कुणाच्या लक्षात आले नसते. पण लहान आतड्यातला, कारण न सापडणारा व्रण ही दुर्मिळ गोष्ट होती. एखाद्या सर्जनने अख्ख्या कारकिर्दीत एखादाच बघावा, आणि वर्षभरात तीन-चार समोर आले की त्याचे कान टवकारतात. दुसरी बाजू अशी की तिथे दुर्बीण पोहोचत नव्हती आणि एक्स-रेतही तो सहज दिसत नसे. पेशंटची तक्रार असायची ती जेवल्यावर येणाऱ्या कळा, फुगलेलं पोट, उलट्या यांची. म्हातारपणाचं अपचन म्हणून सोडून द्यायला एकदम सोयीची लक्षणं. आतडं बंद पडून किंवा फुटून पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आल्यावरच खरं काय ते दिसे. तोवर किती जणांच्या पोटदुखीवर आणखी कसल्या गोळ्या दिल्या गेल्या असतील, कोण जाणे.

आता तुम्ही त्या सर्जनच्या जागी आहात असं समजा. पेशंट घेतोय एकच गोळी. त्या गोळीत थायाझाइड आहे, पोटॅशियम क्लोराइड आहे आणि वर आवरण आहे. संशयित किती? मी एम.ए.च्या मुलांना हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेकांनी 'दोन' सांगितलं. आवरणाला कुणी संशयित धरतच नाही, कारण ते 'औषध' नाही ना!

बेकर यांच्या पेपरच्या शीर्षकातही थायाझाइड आणि पोटॅशियम ही दोन नावं शेजारी-शेजारी आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पेशंटच्या कागदांवरून ही दोन वेगळी काढताच येत नव्हती, कारण जवळपास सगळेच दोन्ही घेत होते. हेच ते कन्फाउंडिंग. दोन गोष्टी कायम जोडीने फिरतात, त्यातली चोर कोण हे बाहेरून बघून कळत नाही. नमुन्यात आणखी शंभर पेशंट घाला, तरी कळणार नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. सिनॉप्सिसच्या वेळी मीसुद्धा 'सॅम्पल साइज वाढवू' असंच उत्तर दिलं होतं, आणि माझ्या गाइडनी नुसतं हसून कागद परत केला होता.

आणखी एक गुंता म्हणजे असे व्रण औषधाविनाही होतात. १९६५ मध्ये लॉरेसन आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर चाळल्या, तर असा व्रण असलेल्या सगळ्यांनीच ही औषधं घेतलेली नव्हती. 'औषध न घेताही होतं, मग औषधाचा काय दोष?' असा युक्तिवाद करायला जागा होती. तो चुकीचा आहे हे वाचताना कळतं, पण मौखिक परीक्षेत कुणी हाच प्रश्न टाकला की बोबडी वळते. प्रश्न 'औषधाविना होतं का' हा नसतोच. औषधाने प्रमाण वाढतं का आणि किती, हा असतो.

जोडी फोडली ती न्यूयॉर्कच्या स्कॉट बोली आणि त्यांच्या गटाने. १९६५ मध्ये 'जामा'त त्यांचे एकामागोमाग पेपर आले. पद्धत बघितली तर सहावीच्या विज्ञानातली वाटेल: प्राण्यांच्या एका गटाला नुसतं थायाझाइड, एकाला नुसतं आवरणवालं पोटॅशियम, एकाला दोन्ही. नुसत्या थायाझाइडने आतड्याला काही झालं नाही. आवरणवालं पोटॅशियम दिल्यावर व्रण झाले, सोबत थायाझाइड असो वा नसो. माणसांत जी जोडी फुटत नव्हती ती प्रयोगशाळेत फुटली.

पण गोष्ट इथे संपली असती तर निष्कर्ष निघाला असता 'पोटॅशियम वाईट'. तो तर साफ चुकीचा. पोटॅशियम केळ्यात आहे, बटाट्यात आहे, शहाळ्यात आहे, डॅरोंच्या बाटलीत होतं. मग या गोळीतच काय वेगळं?

उत्तर अर्ध्या ओळीच्या गणितात आहे. ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड म्हणजे साधारण ८ मिलिमोल. आवरण आतड्यात फुटलं आणि ही सगळी मात्रा तिथल्या, समजा, १० मिलिलिटर द्रवात विरघळली, तर त्या जागेपुरती तीव्रता झाली लिटरला ८०० मिलिमोल. आपल्या ओआरएसमध्ये पोटॅशियम असतं लिटरला २० मिलिमोल. म्हणजे चाळीस पट! जठरात पाणी असतं, घुसळण असते, पसरायला जागा असते. आतड्याची नळी अरुंद, आणि आवरण फुटतं ते एकाच जागी. बोली यांच्या गटाने पुढची साखळी मांडली ती अशी: हा तीव्र द्रव आतड्याच्या त्या तुकड्यातून झपाट्याने शोषला जातो, तिथल्या बारीक शिरा आक्रसतात, रक्त तुंबतं, तेवढ्या पट्ट्यातला भाग मरतो आणि व्रण होतो. व्रण भरताना गोल वण धरतो आणि नळी आवळली जाते. स्वीडिश सर्जनांना दिसलेली 'अंगठी' ती हीच.

म्हणजे चोर होता तिसरा संशयित, किंवा नेमकं बोलायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्याची युती. रेणू तोच, मात्रा तीच. तो शरीरात नेमका कुठे आणि किती वेगाने सुटतो, तेवढंच बदललं होतं. जठर वाचवायला चढवलेलं आवरण आतड्याच्या मुळावर आलं.

मग क्लोराइडच सोडून द्यायचं होतं ना, सायट्रेट किंवा ग्लुकोनेट द्यायचं, असं कुणी म्हणेल. गंमत बघा, १९६५ सालीच कॅसिरर, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी बरोबर उलट दिशेचा पुरावा छापला. उलट्यांनी किंवा लघवीच्या औषधांनी पोटॅशियम कमी होतं तेव्हा रक्तही अल्कली बाजूला झुकलेलं असतं, आणि ते सुधारायला क्लोराइड लागतंच. दुसरे क्षार दिले तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. थोडक्यात, याच पेशंटना क्लोराइडची खरी गरज, आणि गोळीच्या रूपात त्रास देणारंही तेच. पोटाच्या पेशंटचा विचार करताना हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. उलटीत जठरातून थेट जाणारं पोटॅशियम थोडंच असतं, खरी गळती लघवीतून होते. जुलाबात मात्र पोटॅशियम थेट शौचातून जातं आणि सोबत बायकार्बोनेटही, त्यामुळे रक्त आम्ल बाजूला झुकू शकतं. तिथे सायट्रेटसारख्या क्षाराला जागा आहे. रिपोर्टवर आकडा दोघांचाही ३.० येईल, पण द्यायचा क्षार वेगळा असू शकतो.

एंटरिक-कोटेड पोटॅशियमवर इशारे आले आणि ते मागे पडलं. त्याच्या जागी मेणाच्या जाळीत क्लोराइड अडकवलेली गोळी आली, 'स्लो-के' हे त्यातलं गाजलेलं नाव. आवरण एकदम फुटण्याऐवजी क्लोराइड काही तासांत हळूहळू झिरपतं, म्हणजे एका जागी साठत नाही. कल्पना छान. अमेरिकन लेबलांवर पुढे छापलेले आकडे पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो: एंटरिक-कोटेड गोळ्यांनी लहान आतड्याचे व्रण एक लाख रुग्ण-वर्षांमागे ४० ते ५०, मेणाच्या गोळ्यांनी एकापेक्षा कमी. 'रुग्ण-वर्षं' हा छेद नीट बघा बरं. एक लाख लोक एक वर्ष, किंवा दहा हजार लोक दहा वर्षं. घेणारे लाखोंनी असल्यावर ४०-५० हा आकडा लहान राहत नाही.

पण 'हळूहळू झिरपतं' या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे. गोळी पुढे सरकत राहील, हे ते गृहीतक. ती अडकली तर?

१९७० मध्ये पेम्बर्टन यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये याचंच उदाहरण दिलं. झडपेच्या आजाराने हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलेला असेल तर तो मागच्या अन्ननलिकेला दाबतो. गोळी तिथेच अडकते, तिथेच झिरपते आणि अन्ननलिकेला व्रण पडतो. हृदयाचे पेशंट म्हणजेच लघवीची गोळी घेणारे आणि म्हणजेच पोटॅशियम घेणारे. ज्यांना ही गोळी लागते त्यांच्यातच ती अडकण्याची शक्यता जास्त. धोका आतड्यातून वर सरकला एवढंच.

१९८२ मध्ये मॅकमॅहन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नियंत्रित चाचणी छापली. (१९६५च्या लॉरेसन यांच्या पेपरवर हेही नाव होतं. संदर्भ-याद्या वाचताना असे धागे सापडतात, म्हणून त्या वाचा.) निरोगी स्वयंसेवकांना पोटॅशियमची वेगवेगळी रूपं देऊन त्यांनी दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठर तपासलं. काहींना सोबत ग्लायकोपायरोलेट दिलं, म्हणजे पोटाची हालचाल मंदावणारं औषध. मेणाच्या गोळ्यांनी पातळ औषधापेक्षा जास्त जखमा झाल्या.

यावर वाद झाला, आणि तो रास्तच होता. दुर्बिणीतून दिसलेली बारीकशी जखम आणि पेशंटला होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या निरोगी लोकांना बहुतांशी काही जाणवतही नव्हतं. आपण मोजलं काय आणि काळजी कशाची आहे, यांत अंतर पडलं की निष्कर्ष जपून काढावा लागतो. माझं मत विचाराल तर ही चाचणी 'गोळी किती धोक्याची' या प्रश्नाला कच्ची आहे, पण 'गोळी कुणाला धोक्याची' या प्रश्नाला भक्कम. तिने पोट मंदावणं हा घटक मुद्दाम आत आणला, आणि आज गोळ्यांच्या लेबलांवर जे लिहिलेलं असतं ते त्याला धरूनच: पचनमार्गात कुठेही अडथळा किंवा संथपणा असेल तर घन रूपातलं पोटॅशियम नको, हालचाल मंदावणाऱ्या औषधांसोबत नको. पातळ औषध चालत असेल तर आधी ते.

डायसायक्लोमिन त्याच जातीचं औषध आहे. डॉक्टर आजीला ते का विचारत होते हे मला तेव्हा उलगडलं. जुना मधुमेह, त्यात जठर आधीच संथ असू शकतं, वर कळांची गोळी. माझ्या आजीच्या पोटात ती गोळी किती वेळ एकाच जागी बसून राहिली असती!

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, आपल्याकडचा. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे तोंडाने द्यायचं पाणी वापरलं, त्यात लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा होता. पोटॅशियम नव्हतं. त्या परिस्थितीत कुणालाही पटकन कालवता येईल असं तीन घटकांचं मिश्रण होतं ते, आणि त्याने असंख्य जीव वाचले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये पोटॅशियम क्लोराइड आलं, लिटरला दीड ग्रॅम. २००२ मध्ये सूत्र बदललं, सोडियम आणि ग्लुकोज कमी केलं, पण पोटॅशियमचे २० मिलिमोल तसेच ठेवले. जुलाबाने सोललेल्या आतड्यातून रोज लाखो लोकांच्या पोटात हे पोटॅशियम क्लोराइड जातं आणि अंगठीसारखा वण कुणालाही पडत नाही. १९६४ मध्ये आतडी आवळणारा क्षार तोच, फक्त लिटरभर पाण्यात.

आजीचं औषध आम्ही मग असंच दिलं. सांगितलेली मात्रा ग्लासभर गार पाण्यात, वर लिंबू पिळून, जेवणानंतर घोट-घोट. मॅग्नेशियमही तपासलं, ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही ओता, टिकत नाही. आठ दिवसांनी आकडा ३.९ आला. चव मात्र शेवटपर्यंत आवडली नाही तिला. "साठ वर्षांत यावर कुणाला काही सुचलं नाही होय?" असं तिने विचारलं. सुचलं होतं आजी, म्हटलं, आणि ही सगळी गोष्ट तिला सांगितली.

पुढच्या लेखात रुग्ण-वर्षांचा छेद कसा काढतात ते उदाहरणाने बघू. दोन-तीन जणांनी त्याबद्दल विचारलं होतं. तोवर बोली यांचा १९६५ चा पेपर ग्रंथालयातून मिळवा आणि निष्कर्ष झाकून फक्त गटांचा तक्ता वाचून बघा.